खिडकीबाहेर टाकलेली केबल

“मग केबल काढायचीच कशाला?” निरंजनने विचारलं.

 परकारचाचा खिडकीतून घाटाच्या बाजूला बघत होते.

“म्हणजे मला खरंच कळत नाही, चाचा. इतकं सगळं लावल्यावर?”

“काय काय लावलंयस?”

निरंजन याच प्रश्नाची वाट बघत होता.

हुसेन परकार बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. आता वय चौऱ्याहत्तर. सड्याच्या पश्चिम टोकाला त्यांचं कौलारू घर होतं. सडा म्हणजे उघडा, काळा कातळ. सपाट, लांबच लांब. पावसाळा संपला की त्यावर थोडं गवत उरतं, झाड मात्र दिसत नाही.

घरी वायरलेस संच लावून जगभरच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारणारे हौशी लोक त्या जिल्ह्यात पंधरा-वीस असतील. त्यातल्या कुणीही नवा संच लावला की आधी चाचांना ऐकवायचा. चाचा ऐकून एवढंच म्हणायचे, “येतोय.” किंवा काहीच म्हणायचे नाहीत.

निरंजन शेट्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर. वय एक्केचाळीस. त्याचं घर सड्याच्या दुसऱ्या टोकाला, चार किलोमीटरवर. गणपती झाल्यावर त्याने घराशेजारी चाळीस फुटी खांब उभा केला होता आणि वर अँटेना चढवली होती. आज रविवार होता. ऑक्टोबरचा मध्य, दुपारचे चार वाजलेले. त्याची बायको वृंदा घरी संचासमोर बसली होती. तिनेही उन्हाळ्यात परीक्षा देऊन परवाना मिळवला होता. तिचा आवाज चाचांच्या संचावर कसा येतो ते ऐकायला निरंजन मोटारसायकलवरून इकडे आला होता.

“अँटेनाच्या केबलवर अरेस्टर आहे,” तो बोटं दुमडत सांगू लागला. “वीज आली तर तो तिला जमिनीत पाठवणार. संचापर्यंत पोचूच देणार नाही. मेनच्या लाइनवर सर्जची पेटी आहे. दाब वाढला तर ती स्वतः जळेल, संच वाचेल. खांबाला तांब्याची जाड पट्टी. अर्थिंगचा खड्डा.”

“किती खोल?”

“अडीच फूट. पुढे कातळच लागला. मग कोळसा-मीठ घालून बुजवला.”

“आणि घराचं अर्थिंग?”

“ते वेगळं. घराच्या मागे. मुद्दाम वेगळं ठेवलंय, संचात खरखर येऊ नये म्हणून.”

चाचांनी मान वळवली.

“दोन खड्डे.”

“हो.”

“एकमेकांना जोडलेत?”

“नाही. सांगितलं ना, खरखर...”

“तुझ्या घराखाली जमिनी किती आहेत, निरंजन?”

“म्हणजे?”

चाचा पुन्हा खिडकीकडे बघायला लागले.

संचातून वृंदाचा आवाज आला. स्वच्छ, जवळचा, जणू शेजारच्या खोलीतून बोलत असावी.

“चाचा, नमस्कार. मी वृंदा बोलतेय. ऐकू येतंय का नीट? ओव्हर.”

निरंजन हसला. त्याने चाचांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“येतोय,” चाचा म्हणाले.

ते म्हणत असतानाच घाटावरच्या ढगात काहीतरी लखलखलं. अगदी फिकं, दिवसाउजेडी पटकन लक्षातही येऊ नये असं.

चाचांचे ओठ हलू लागले. ते आकडे मोजत होते.

“...चोवीस. पंचवीस. सव्वीस.”

मग गडगडाट ऐकू आला. दूरचा. कुणीतरी माळ्यावर रिकामं पिंप ढकलावं तसा.

“तीन आकड्यांना एक किलोमीटर,” निरंजन म्हणाला. “म्हणजे आठ-नऊ किलोमीटरवर आहे. पुष्कळ लांब.”

“सांग तिला.”

“काय?”

“उठायला सांग. केबल काढायला सांग.”

निरंजनने माइक हातात घेतला, पण बटण दाबलं नाही.

“चाचा, त्यासाठीच तर सगळं लावलं. दर वेळी ढग आला की केबल काढायची, तर लावलं कशाला? आणि समजा कधी खरंच वादळ आलं, फोन बंद पडले, तेव्हाच लोकांना आपली गरज लागणार. तेव्हा आपण केबल काढून बसायचं?”

चाचांची नजर ढगावरच होती.

“तुम्ही जहाजावर काय करायचात?”

चाचांनी आपले दोन्ही हात पुढे धरले. ते थरथरत होते. वयाची थरथर निरंजनने पाहिली होती, ती निराळी असते. ही आत्ता सुरू झाली होती. तो त्या हातांकडे बघत राहिला. त्याला थोडं वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या माणसाला सगळे गुरू म्हणतात, तो म्हातारा ढग बघून कापतोय.

“निरंजन,” संचातून वृंदा म्हणाली. “इथे एकदम अंधारून आलंय. घाटाकडे चमकतंय पण. बंद करू का? ओव्हर.”

चाचांनी एक हात तसाच पुढे ठेवला.

“माइक दे.”

निरंजनने माइक दिला नाही. त्याने बटण दाबलं.

“गरज नाही. सगळं लावलंय ना आपण. बोलत राहा, आवाज फार छान येतोय. ओव्हर.”

क्षणभर संचात नुसती बारीक खरखर होती.

“नक्की?”

“नक्की. ओव्हर.”

“बरं. मग काय बोलू? पेपर आहे इथे. पुरवणीत भोपळ्याच्या घारग्या दिल्यात, त्याच वाचते. लाल भोपळा किसून घ्यावा. पाणी न घालता वाफवावा...”

पुन्हा चमकलं. या वेळी खोलीची मागची भिंत उजळली.

“चौदा,” चाचा म्हणाले. “पंधरा.”

गडगडाट आला. कौलं किंचित हलली.

“निरंजन, माइक दे.”

“चाचा, ऐका तरी. किती स्वच्छ...”

“...गरम असतानाच त्यात गूळ घालावा,” वृंदा वाचत होती. “गूळ विरघळला की त्यात मावेल तेवढी कणीक, चवीला मीठ, आणि...”

तिसऱ्यांदा चमकलं. चाचांनी नऊपर्यंत मोजलं आणि ते उठले.

त्यांनी निरंजनकडे पाहिलंही नाही. संचाच्या मागे हात घातला आणि बाहेरच्या अँटेनाकडून येणाऱ्या केबलची पितळी चकती फिरवायला सुरुवात केली. बोटं घसरली. पुन्हा धरली. पुन्हा घसरली. मग चकती सुटली आणि वृंदाचा आवाज शब्दाच्या मध्येच गेला. चाचांनी केबल ओढली आणि उघड्या खिडकीतून लांब अंगणात भिरकावली. मग वाकून भिंतीतला प्लग काढला.

खोली एकदम मोठी वाटायला लागली.

“काय केलंत तुम्ही?”

चाचा बाजेवर जाऊन बसले. त्यांनी पाय जमिनीवरून उचलून वर घेतले.

“चाचा, ती बोलत होती.”

“हो.”

“तिला वाटेल मी ऐकतोय.”

“हो.”

पावसाचे मोठे थेंब अंगणातल्या कातळावर फुटायला लागले. निरंजन हातात माइक धरून उभा होता. माइकची वायर मेलेल्या संचाला जोडलेली होती.

चमक आणि आवाज यांतलं अंतर आता कमी होत चाललं होतं. सहा. सात. पुन्हा सहा.

“ठीक आहे,” निरंजन म्हणाला. “सांगतो तिला. लावा पुन्हा, एक मिनिट. उठायला सांगतो आणि लगेच काढतो.”

“लाव.”

“केबल?”

“अंगणात आहे. आण.”

निरंजन ओट्यावर आला.

केबल कातळावर सापासारखी पडली होती. तिचं टोक पायरीपासून दहा-बारा पावलांवर होतं. पितळी कड, तिच्या मधोमध बारीक सुई. पाऊस अजून विरळ होता. दहा पावलं. उचलायची आणि परत यायचं.

त्याने एक पाय पायरीवर ठेवला.

आभाळ उजळलं. कुठे ते त्याला दिसलं नाही. पण त्याच क्षणी केबलच्या टोकाशी तट् असा आवाज झाला. सुईपासून कडेपर्यंत निळी ठिणगी उडाली. लहानशी. गॅस पेटवताना उडते तेवढी.

वीज इथे पडली नव्हती. ती कुठेतरी लांब पडली होती. तरीही.

पुन्हा चमकलं. पुन्हा तट्.

निरंजनने पाय मागे घेतला. ठिणगी थांबली तरी तो त्या टोकाकडे बघत होता. त्याच्या घरी असंच एक टोक होतं. ते संचात घट्ट बसवलेलं होतं, त्याने स्वतःच, पान्याने पिळून. आणि संचासमोर वृंदा बसली होती. तिच्या हातात माइक होता. ती त्याला घारग्यांची कृती वाचून दाखवत होती.

तो आत आला.

“आणलीस?”

त्याने नकारार्थी मान हलवली. मग खिशातून फोन काढला. रेंज नव्हती. वादळात लाइट गेले की सड्याखालचा टॉवर बंद पडायचा, हे त्याला माहीत होतं. तरी त्याने नंबर लावला. पुन्हा लावला. फोन नुसता गप्प.

“मी जातो.”

चाचांनी दाराबाहेर पाहिलं.

“मोटारसायकलवर दहा मिनिटं. फार तर पंधरा.”

“जा.”

निरंजनने ओट्यावरून गाडीची किल्ली उचलली. समोर सडा पसरलेला होता. चार किलोमीटर. पावसात तो शिशासारखा दिसत होता. मध्ये घर नाही, झाड नाही, विजेचा खांबसुद्धा नाही.

“निरंजन,” चाचांनी आतून विचारलं. “त्या रस्त्यावर आत्ता सगळ्यात उंच काय असेल?”

निरंजनने बराच वेळ सड्याकडे पाहिलं.

“मी,” तो म्हणाला.



तो किल्ली मुठीत धरून आत आला आणि उभा राहिला. बसावं की उभं राहावं हेही त्याला कळेना. चाचांनी बाजेवर थोडं सरकून जागा केली. तो बसला.

“पाय वर घे.”

त्याने पाय वर घेतले. चप्पल खाली पडली.

दोघे बाजेवर शेजारी शेजारी बसले. आजारी मुलं बसतात तशी, गुडघे छातीशी धरून. चाचा मोजत होते. पाच. चार. चार. निरंजनला मोजणं ऐकवत नव्हतं आणि थांबवताही येत नव्हतं. प्रत्येक चमकेला तो दिशा ठरवायचा प्रयत्न करत होता. घाटाकडे. उत्तरेला. घराकडे? नाही, उत्तरेलाच.

“ती उठली असेल,” तो म्हणाला.

चाचा मोजत होते.

“तिला आधीच भीती वाटत होती. तिने विचारलं होतं, बंद करू का.”

“तीन.”

“मीच म्हटलं, गरज नाही.”

“चार.”

“चाचा, ती माझं ऐकते. मी सांगितलं तर ती बसून राहील.”

चाचांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात कापत होता. निरंजनच्या लक्षात आलं की त्याची स्वतःची पाठही कापतेय. कुणामुळे कोण कापतंय ते सांगता आलं नसतं.

मग सगळं पांढरं झालं.

दार, खिडकी, बाज, चाचांचा चेहरा, सगळं. सावल्याच नाहीशा झाल्या. निरंजनने खिडकीतून सड्याच्या पलीकडे आभाळापासून खालपर्यंत एक जाड, वाकडी रेघ पाहिली. ती क्षणभर तिथेच थरथरत राहिली. ती कुठे टेकलीय ते त्याला कळलं. त्या बाजूला त्याच्या खांबाशिवाय टेकण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

चाचांनी मोजायला सुरुवात केली. पाचपर्यंत गेले. मग थांबले.

बारा सेकंदांनी आवाज आला. तो बराच वेळ संपलाच नाही.

“मोजा ना,” निरंजन म्हणाला. “थांबलात का?”



पाऊस कोसळायला लागला. आता पन्हाळीचं पाणी, कौलांवरचा ताशा, एवढंच ऐकू येत होतं. निरंजन काही पुटपुटत होता. चाचांनी कान दिला तेव्हा कळलं, तो घारग्यांची कृती म्हणत होता. किसून घ्यावा, वाफवावा, गूळ घालावा. जिथे आवाज तुटला तिथे यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

वादळ समुद्राकडे सरकलं. डोक्यावरून गेलं तेव्हा बाजेचे पाय खडखडले. चाचा पुन्हा मोजत होते, आकडे हळूहळू वाढायला लागले. सहा. अकरा. अठरा. मग नुसती चमक, आवाज नाही.

निरंजन उठला.

“अर्धा तास थांबायचं असतं,” तो म्हणाला. “शेवटच्या गडगडाटानंतर. तुम्हीच शिकवलंय आम्हाला.”

“हो.”

“पंधरा मिनिटं पण झाली नाहीत.”

“नाही झाली.”

“मी थांबू शकत नाही, चाचा.”

चाचांनी खुंटीवरची टोपी घेतली. चपला घातल्या. ओट्यावर येऊन ते मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसले. निरंजनने वळून पाहिलं. म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. नजर समुद्रावरच्या ढगाकडे होती.

“तुम्ही नका येऊ.”

“चल.”

सड्यावर चाचांनी त्याची कंबर दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली होती की त्याला श्वास घेता येईना.  मागे समुद्रावर चमकलं की चाचांचं कपाळ त्याच्या पाठीवर आदळायचं.

खांब उभा होता. लांबूनच दिसला.

जवळ गेल्यावर दिसलं की वरची अँटेना नव्हती. तिच्या जागी एक वाकलेली सळई होती. खांबाच्या पायथ्याशी अर्थिंगचा खड्डा फुटला होता. सिमेंटचं झाकण दोन हात लांब पडलं होतं आणि खालचा कातळ तडकला होता.

“वृंदा.”

घराचं पुढचं दार उघडं होतं. आत जळकट वास होता, गोडसर आणि कडवट. निरंजन धावत कोपऱ्यातल्या खोलीत गेला. संचाची खोली. आधी ती अडगळीची होती. खिडकी नव्हती, बाहेरचं काय ते दारातून दिसायचं. एक टेबल, भिंतीला पाठ लावून एक खुर्ची.

चाचा दारातच थांबले.

टेबल तिरकं झालं होतं. संचाची पुढची काच काळी पडली होती. भिंतीवरचा बोर्ड सुटून वायरींना लोंबकळत होता. त्याच्याभोवती भिंतीवर काजळीचं मोठं फूल उमटलं होतं. आणि टेबलाच्या लाकडावर, केबल जिथून यायची तिथपासून भिंतीच्या बोर्डापर्यंत, एक जळालेली रेघ गेली होती. मध्ये संच होता. संचाच्या पुढे माइक पडला होता. त्याची वायर वितळून टेबलाला चिकटली होती.

खुर्ची लोखंडी होती. तिच्या उजव्या हातावर वाटाण्याएवढा पांढरा डाग पडला होता. रंग उडून खालचं लोखंड दिसत होतं.

टेबलाखाली वृंदाची एक चप्पल होती. एकच.

“वृंदा.”

स्वयंपाकघरात नव्हती. झोपायच्या खोलीत नव्हती. निरंजनने मोरीचं दार उघडलं. पलंगाखाली वाकून पाहिलं. कपाटही उघडलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने पुन्हा हाक मारली.

“मागे,” चाचा म्हणाले.

मागच्या अंगणात घरची जुनी मोटार उभी होती. सगळ्या काचा वर चढवलेल्या. काचांवर आतून वाफ धरली होती. त्या वाफेवर एका जागी हात टेकल्याची खूण होती.

निरंजनने दार ओढलं. ते आतून लावलेलं होतं. त्याने काचेवर थापा मारल्या. बऱ्याच वेळाने खटका उघडला.

वृंदा चालकाच्या जागी बसली होती. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. दोन्ही हात मांडीवर, आणि त्यातल्या एका मुठीत किल्ली. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण ओळखायला तिला वेळ लागला.

“तू आहेस,” ती म्हणाली.

तो तिथेच चिखलात खाली बसला. 

“तू आहेस ना?” तिने पुन्हा विचारलं.

“आहे.”

“मला वाटलं तुझ्यावर पडली.”

“माझ्यावर?”

“मी वाचत होते. ओव्हर म्हटलं. तू काही बोलला नाहीस. मी तीनदा हाक मारली. आधी तू नक्की म्हणालास आणि मग... काहीच नाही.” तिला बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. “फोन लावला, लागेना. मला वाटलं, तिथेच पडली. तुम्ही दोघंही... मग मी उठले. ते टेबल किती जड आहे. पुढे ढकलून निघाले. किल्ली घेतली. म्हटलं, तिकडे यावं.”

“सड्यावरून?”

“मग कुठून?”

निरंजनने मागे वळून सड्याकडे पाहिलं.

“दार लावलं आणि किल्ली घालतेय, तेवढ्यात...” तिने खांबाकडे बोट केलं. बोट तसंच हवेत राहिलं. “मग मला हात हलवताच येईना. गाडी सुरू करता येईना. उतरता येईना. मी इथेच बसले.”

चाचा अंगणाच्या कडेला उभे होते. निरंजनने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“तुम्हाला माहीत होतं?” त्याने विचारलं. “आवाज गेला की ती उठेल, हे माहीत होतं?”

चाचांनी टोपी काढली. तिच्यातलं पाणी झटकलं. पुन्हा घातली.

समुद्राकडून बारीक गडगड ऐकू आली. तिघांनीही मान खाली घातली. मग पुन्हा काही नाही.

निरंजनने वृंदाला धरून घरात आणलं. तिला पाणी दिलं. गोधडी आणून तिच्या खांद्यावर टाकली. मग तो एकटाच संचाच्या खोलीत गेला. टेबलावरच्या जळक्या रेघेवरून बोट फिरवत राहिला. कातळात न मुरलेली वीज खांबाच्या खड्ड्याकडून घराच्या खड्ड्याकडे धावली होती. मधली वाट टेबलावरून गेली होती. त्याने ती वाट स्वतःच्या हाताने आखून दिली होती, खरखर येऊ नये म्हणून.

रेघ जिथे माइकजवळून गेली होती तिथे त्याने आपला तळवा ठेवला. वृंदाचा हात तिथेच असायचा.

तो बाहेर आला तेव्हा चाचा तिच्याशेजारी बाकावर बसले होते. दोघांमध्ये चहाची कपबशी होती. चहा कुणी केला होता ते कळत नव्हतं. कुणी प्यायलंही नव्हतं.

“दोन्ही अर्थिंग जोडायला हवी होती,” निरंजन म्हणाला. “जाड पट्टीने. एकच जमीन.”

चाचांनी मान डोलावली.

“खड्डा पण कातळात चालत नाही. खाली विहिरीच्या अंगाला माती आहे, तिथवर पट्टी न्यावी लागेल. आणि अरेस्टर घराच्या बाहेर, भिंतीत शिरण्याआधी. केबल आणि प्लग एका हाताने निघतील असे. टेबल दाराशी.” तो बोलत होता आणि त्याचा आवाज हळूहळू पूर्वीसारखा होत चालला होता. “सगळं नव्याने करतो. नीट करतो. मग चाचा, मग तरी काही...”

तो थांबला. चाचा त्याच्याकडे बघत होते. रागाने नव्हे. मघाशी घाटावरच्या ढगाकडे ज्या नजरेने बघत होते, त्याच नजरेने.

 निरंजन खाली, जमिनीवर बसला.

 पागोळ्या गळत होत्या.

मग वृंदाने विचारलं, “चाचा, हे सगळं नवं झाल्यावर... मी परत तिथे बसू का?”

निरंजनने दचकून वर पाहिलं.

चाचांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिच्या हातांकडे. गोधडीच्या बाहेर आलेली बोटं अजून स्थिर झाली नव्हती.

“भीती वाटेल?” त्यांनी विचारलं.

“हो,” वृंदा म्हणाली. “खूप.”

“मग बस.”